हवेत सगळ्यांचंच चांगलं चालतं

बाईंनी मला माझ्या नावानं कधी हाक मारली नाही. मी वैरागची, म्हणून मी वैराग. माझ्या आधी त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करून गेलेला मुलगा अक्कलकोट, आणि प्रयोगशाळेत झाडलोट करणाऱ्या मावशी मोहोळ. नवा विद्यार्थी आला की त्या नाव विचारत नसत, आडनाव तर नाहीच. "गाव कुटलं?" एवढा एकच प्रश्न. कुणी ऐटीत पुणे म्हणालं, तर ते झालं तुझं शिकायचं गाव, खरं सांग, म्हणून पुन्हा विचारायच्या. हे काय खूळ, असं मी एकदा धीर करून विचारलं. त्या म्हणाल्या, "आडनाव इचारलं की मानूस कप्प्यात जातंय. गाव इचारलं की एस्टीत बसतंय. एस्टीत सगळी शेजारी शेजारी बसत्यात की."

सोलापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात त्या इलेक्ट्रॉनिक्स शिकवायच्या. मूळच्या उजनीच्या पाण्याकाठच्या एका गावच्या. त्यांचे इंग्रजीतले पेपर वाचून परदेशातले लोक शंका विचारायचे, पण तोंडानं त्या गावाकडचंच बोलायच्या. वर्गात, स्टाफरूममध्ये, प्राचार्यांच्या केबिनमध्ये, सगळीकडे तेच. मॅडम म्हटलेलं खपायचं नाही, बाई म्हणायचं. एका नव्या प्राध्यापकांनी सुचवलं होतं की तुम्ही जरा शुद्ध बोललात तर कॉलेजची छाप चांगली पडेल. बाईंनी त्यांना विचारलं की माझं कुठलं समीकरण अशुद्ध निघालं ते दाखवा, लगेच सुधारते. ते गृहस्थ अजून शोधत असावेत.

लोक त्यांना विक्षिप्त म्हणायचे. मला तो शब्द पटत नाही. जो नियम मोडतो तो विक्षिप्त, आणि ज्याला नियम कशासाठी होता हे आठवत नाही तो जबाबदार, असा आमच्याकडचा सगळा न्याय होता.

त्यांचा विषय काय, हे सांगितलं की लोक अजूनही माझ्याकडे बघून हसतात. अंगावर घालायची अँटेना. म्हणजे असं: छातीवर बिल्ल्याएवढा एक सेन्सर चिकटवायचा, तो काळजाचे ठोके ऐकणार. त्याचं बोलणं खांद्यावर शिवलेली अँटेना उचलणार, कमरेच्या फोनला सांगणार, आणि माणूस कुठं पडलं आहे हे कळावं म्हणून वरच्या उपग्रहांचंही ऐकणार. तीन वेगवेगळ्या लहरींवरची तीन कामं, आणि कापडाचा तुकडा एकच, तळहाताएवढा. त्याच्यावर तांब्याच्या धाग्याची नक्षी. कापड मात्र सोलापुरी चादरीचं. दुहेरी विणीची चादर जाड असते, सुरकुत्या कमी पडतात, म्हणून बाईंनी ती निवडलेली. बाजारातून चांगली नवीकोरी चादर आणून त्या तिचे कात्रीनं तुकडे करायच्या, तेव्हा मोहोळच्या मावशी उरलेले तुकडे गोळा करून घडी घालून ठेवायच्या.

यंत्राच्या पडद्यावर एक रेघ असते. ज्या लहरीवर अँटेना नीट चालते, तिथं ती रेघ खाली जाते, खड्डा पडतो. आम्हाला तीन खड्डे हवे होते, आपापल्या ठरलेल्या जागी. माझा एक खड्डा जागेवर आला की दुसरा सरकायचा. सोलापुरात राहून तीन खड्डे पाडायला जमेनात व्हय तुला, असं बाई म्हणायच्या, आणि सगळी प्रयोगशाळा हसायची.

खड्डे सरकायचं खरं कारण म्हणजे अंग. अंगात पाणी फार, आणि पाण्याला लहरी गिळायची सवय. दोरीनं हवेत टांगलेली अँटेना गुणी बाळासारखी वागते. तीच खांद्यावर ठेवली की बिघडते. बाईंचं एक ठरलेलं वाक्य होतं, जे मी दिवसातून एकदा तरी ऐकलेलं आहे: "हवेत सगळ्यांचंच चांगलं चालतंय. अंगावर घाल, मग बोल."

आणि त्या नुसत्या बोलायच्या नाहीत. कुणाचीही अँटेना तयार झाली की पहिला दिवस ती बाईंच्या डाव्या खांद्यावर. ती लावून त्या स्कूटरवरून मंडईत जायच्या, मीटिंगला बसायच्या, लग्नाला जेवून यायच्या. मंडईतल्या एका भाजीवाल्यानं विचारलं होतं की मॅडम, गुडघ्याला लावायचं पण मिळतं का हो हे? बाईंनी त्याला भाजी निवडता निवडता सगळं तत्त्व समजावून सांगितलं. त्यांच्या अंगावर दिवसभर टिकल्याशिवाय आम्हाला प्रबंधात एक ओळ लिहायची परवानगी नसे. उन्हाळ्यात तर त्या आम्हाला जिने चढउतार करायला लावायच्या, कारण घाम आल्यावरचं मोजमाप हवं. सोलापूरच्या उन्हात टिकली ती कुठंही टिकेल, हे त्यांचं ठाम मत. मी ते पेपरात लिहिलं, तर त्यांनीच खोडलं. पुरावा कुठं आहे म्हणाल्या.

माझी सगळी श्रद्धा त्यांच्या त्या डाव्या खांद्यावर होती. चूकही तिथंच बसलेली होती, पण ते पुढं.

बाई साडी नेसत नसत. पुरुषी कॉलरचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, खाली सैल पँट, पायात सँडल. अंगावर दागिना म्हणून काही नाही, घड्याळसुद्धा नाही. कॉलेजात त्या लागल्या तेव्हा प्राध्यापिकांनी साडीच नेसावी असा नियम होता. गच्चीवर अँटेनाचा खांब बसवताना शिडीत पदर अडकला आणि बाई खांबासकट लोंबकळल्या. दुसऱ्या दिवशी त्या शर्ट घालून आल्या. त्यांना लेखी समज देण्यात आली. त्यांनी लेखी उत्तर दिलं की शिडी काढा किंवा नियम काढा. शिडी काढता येईना, कारण पाण्याच्या टाकीला तीच एक होती. नियम काही काढला नाही, पण बाईंना पुन्हा कुणी विचारलं नाही.

आमच्या खोलीच्या दारावर मात्र बाईंचा स्वतःचा नियम होता, लाल रंगानं स्वतः रंगवलेला: अंगावरचं धातूचं सगळं काढा, मग आत या. दाराशी एक ताट असे. त्यात अंगठ्या, घड्याळं, पट्ट्यांची बक्कलं, मुलींच्या केसांतल्या पिना. जगात सगळीकडे मोजमाप असंच करतात, धातू जवळ असला की लहरी भरकटतात. चपला घालून आत आलेलं बाईंना चालायचं, पण एखादीच्या कानात बारीकशी बाळी राहिली तरी अख्खं मोजमाप रद्द.

आता जावयाबद्दल सांगते. अंगाऐवजी प्रयोगाला एक पुतळा वापरायची पद्धत आहे. साखर, मीठ आणि पाणी ठरलेल्या मापानं कालवलं की ते मिश्रण लहरींच्या बाबतीत माणसाच्या मांसासारखं वागतं. आमच्याकडे कपड्याच्या दुकानातून आणलेला प्लॅस्टिकचा अर्धा पुतळा होता, त्यात ते भरायचं. बाईंनी त्याचं नाव जावई ठेवलं होतं. साखर खातो, बसून राहतो, घाम गाळत नाही. त्याच्या बुडाशी बारीक चीर होती आणि वर्षातून आठ महिने त्याला मुंग्या लागलेल्या असत. मावशी रोज त्याच्याभोवती हळद टाकायच्या. पाहुणे आले की प्राचार्य त्यांना आवर्जून जावई दाखवायला आणायचे, आणि बाई कपाळाला आठ्या घालून खिडकीबाहेर बघत उभ्या राहायच्या.

हे सगळं कुणासाठी चाललंय हे मला पहिले कित्येक महिने माहीत नव्हतं. मग एका रविवारी त्या मला गावाकडं घेऊन गेल्या आणि मी अक्काला पाहिलं.

अक्का म्हणजे बाईंची थोरली बहीण. लग्न होऊन त्याच गावात राहिलेली. पाण्याकाठी त्यांची केळीची बाग. अक्का काम करता करता अचानक कोसळायची. काही क्षण गेले की उठून बसायची आणि पुन्हा कामाला लागायची. सोलापूरला दवाखान्यात नेलं की सगळं व्यवस्थित. काळजाच्या आलेखाची पट्टी काढली, व्यवस्थित. दिवसभर मशीन लावून खाटेवर झोपवलं, व्यवस्थित. डॉक्टर म्हणायचे, काही नाही, अशक्तपणा आहे, गूळ-शेंगदाणे खा. अक्का स्वतःच हसून सांगत होती, "दवाखान्यात गेलं की माजं काळीज लई शान्यावानी वागतंय बघ. शेतात आलं की त्येच्या अंगात येतंय."

 परतताना मोहोळच्या अलीकडे चहाला थांबलो तेव्हा बाई म्हणाल्या की त्यांच्या आईलाही असंच व्हायचं, आणि एक दिवस ती उठून बसली नाही. चहा तसाच ठेवून त्या स्कूटरकडे गेल्या. त्या दिवसापासून त्यांचं ते हवेत सगळ्यांचंच चालतं हे वाक्य मला वेगळं ऐकू यायला लागलं.

माझी अँटेना शेवटी तयार झाली. जावयावर तीन खड्डे जागच्या जागी. आम्हा विद्यार्थ्यांच्या अंगावर, घामेजलेल्या, तीन खड्डे जागच्या जागी. बाईंच्या खांद्यावर दिवसभर, तीन खड्डे. बाई त्या दिवशी खुशीत होत्या, मावशींना म्हणाल्या आज हळद टाकू नका, खाऊ दे मुंग्यांना साखर. लवकरच बाहेरची समिती येणार होती. प्रकल्प पुढं चालू ठेवायचा की गुंडाळायचा, हे तीच ठरवणार होती. प्रकल्प गुंडाळला की खोली जाणार, यंत्र जाणार, आणि अक्काला पुन्हा गूळ-शेंगदाणे.

त्याआधी आम्ही अक्काकडे गेलो. अंगणात तिला धातूचं काढून ठेवायला सांगितलं, ब्लाउजच्या डाव्या खांद्यावर अँटेना टाचली, मोजलं. उत्तम. अक्का आवरून बागेत गेली आणि फोनवरचं येणं तुटलं. छातीचं ऐकू येईना, उपग्रहांचा तर पत्ताच नाही. परत बोलावलं, काढायचं ते काढलं, मोजलं, उत्तम. बागेत गेली, तुटलं. आम्ही केळीच्या पानांवर संशय घेतला, त्यात पाणी फार. मग धरणाच्या पाण्यावर घेतला. मग पाणी उपसणाऱ्या मोटारींवर. दाजींनी, म्हणजे अक्काच्या नवऱ्यानं, आमच्यासाठी काठावरच्या सगळ्या मोटारी बंद करायला लावल्या, आणि शेजारच्या शेतकऱ्यांनी आम्हाला मनातल्या मनात काय काय म्हटलं असेल ते असो.

तिसऱ्यांदा अक्का बागेकडे निघाली तेव्हा बाई तिच्याकडे बघत होत्या. अक्कानं मंगळसूत्राला अडकवलेल्या पिनांच्या जुडग्यातली एक काढली, दातात धरली, पदर खांद्यावर नीट घेतला आणि पिन खोचली. बरोबर अँटेनावर.

"ती काढ," बाई म्हणाल्या.

"मगापास्नं तेच करतीया की. घरात काढते. शेतात कशी काढू? पदर इळ्यात जाईल."

बाई तिथंच पाण्याच्या हौदावर बसल्या. बोटाएवढी पिन, पण खांद्यावरच्या नक्षीला खेटून बसली की तिन्ही खड्डे पार भलतीकडं. माझ्या आईच्या खांद्यावर हीच पिन असते. मोहोळच्या मावशींच्या बांगड्यांत सुट्या पिना लोंबतात. मी स्वतः सणाला साडी नेसले की पिन लावते. हे जगातल्या कुठल्याच प्रयोगशाळेला दिसलं नसेल तर नवल नाही, पण आम्हाला दिसलं नाही. आम्ही प्रत्येकीला दारातच ताट पुढं करून ती काढायला लावत होतो.

बाई म्हणाल्या, "वैराग, मी मोजलं ते माज्या अंगावर. आन् माज्या अंगावर काय हाय? शर्ट."  कुणालाही न जुमानता त्यांनी तो शर्ट मिळवला होता, आणि त्याच शर्टानं त्यांना फसवलं. मला त्यांचं फार वाईट वाटलं, आणि त्यांना ते दिसू नये म्हणून मी वायरी गुंडाळत बसले.

सोमवारी त्यांनी प्राचार्यांना सगळं सांगितलं. प्राचार्य वाईट माणूस नव्हते, घाबरट होते. त्यांचं म्हणणं असं की समिती दोन दिवसांवर आली आहे, नियमाप्रमाणे मोजमाप बरोबरच आहे, तर पिनेचा विषय कशाला काढायचा? पुतळ्यावर दाखवा, मान्यता घ्या, मग सावकाश पिनेचं बघा. माझ्या प्रबंधाचंही त्यांनी भलं चिंतलं.

बाई म्हणाल्या, "सर, जावयाच्या जिवावर संसार दाखवायचा न्हाय मला."

समितीच्या दिवशी फाटकावरच्या रखवालदारानं एका बाईला अडवून कुणाला भेटायचंय म्हणून विचारलं. त्या आमच्या बाई होत्या. अक्काची हिरवी इरकल, लाल काठ, हातात काचेच्या बांगड्या आणि बांगडीत पिनांचं जुडगं. मावशींनी गालावर हात ठेवला तो तसाच राहिला. मी विचारलं, बाई, साडी? त्या म्हणाल्या, "चुकी माज्या अंगाची हाय. मग अंगानंच सांगाय पायजे." अक्काला का नाही आणलं, असंही मी विचारलं. ती काय प्रदर्शनात मांडायची गाय आहे का, म्हणाल्या.

समितीत तिघं होते. अध्यक्ष मोठे विद्वान, बोलणं मऊ. बाईंनी इंग्रजीत सुरुवात केली. आधी जावयावर अँटेना ठेवली, तीन खड्डे. माना डोलल्या. मग स्वतःच्या खांद्यावर, पदराखाली. तीन खड्डे. प्राचार्यांच्या जिवात जीव आला. मग बाईंनी बांगडीतली पिन काढली, दातात धरली, पदर सारखा केला आणि पिन खोचली. पडद्यावरची रेघ सगळ्यांसमोर वाकडी झाली. एक खड्डा सरकला, दुसरा उथळ झाला, तिसरा नाहीसा झाला.

हे चालत नाही, असं बाई म्हणाल्या, आणि का चालत नाही हे आम्हाला नुकतंच कळलं. अजून वर्ष द्या.

अध्यक्ष हसले. समजावणीच्या सुरात म्हणाले की मॅडम, तुम्ही उगाच मनाला लावून घेताय. मोजताना धातू काढायचा हीच तर मान्य पद्धत आहे. वापरणाऱ्यांसाठी एक सूचना छापा की हे उपकरण लावल्यावर पिन वापरू नये. झालं.

बाईंचं इंग्रजी तिथं संपलं.

"मग शेतात पदर काय तुमी धरनार?"

 दारात उभ्या असलेल्या मोहोळच्या मावशींना हसू आवरलं नाही. पदर तोंडात कोंबून त्या पळाल्या आणि जिन्यापर्यंत त्यांचं हसणं ऐकू येत राहिलं.

प्रकल्प गुंडाळला गेला. काम अपूर्ण असा शेरा आला, जो खोटा नव्हता. खोली प्रवेश प्रक्रियेच्या कार्यालयाला मिळाली. ती रिकामी करायला सांगितलं, त्या दिवशी बाई पुन्हा शर्टात होत्या. जावयाचा पाक त्यांनी कॉलेजच्या कडुलिंबाखाली ओतला, पुतळा खांद्यावर टाकला, आणि ऐन मधल्या सुट्टीत सगळ्या कॉलेजदेखत फाटकातून बाहेर पडल्या. रिक्षावाला म्हणाला की ह्याचं वेगळं भाडं होईल. बाई म्हणाल्या मांडीवर बसवते.

दारावरचा लाल अक्षरांचा फलक काढायला मी वर गेले होते. तो आधीच कुणीतरी काढून नेला होता. नंतर तो मला त्यांच्या घरी दिसला. न्हाणीघराच्या चुलीत घालायच्या लाकडांत होता.

मग आमची प्रयोगशाळा त्यांच्या घराच्या व्हरांड्यात भरली. कॉलेजातलं मोजायचं यंत्र दुसऱ्या विभागानं उचललं होतं. अक्कलकोट तोवर बाहेरगावी नोकरीला लागला होता, त्यानं त्याच्या कंपनीतलं मोडीत काढलेलं एक जुनं यंत्र पाठवून दिलं. आम्ही पिनेशी भांडायला लागलो. अँटेना खांद्यावरून खाली सरकवली, तर अंगानं ती गिळली. प्लॅस्टिकची पिन करून दिली, ती अक्काकडून पहिल्याच दिवशी मोडली. शेजारच्या बायका येऊन बसायच्या, आणि त्यांना बाई काहीही काढायला सांगत नसत. पिना, मंगळसूत्रं, जोडवी, काय असेल त्यासकट मोजायच्या. लोक म्हणत होते की बाईंचं डोकं फिरलं, खोली गेल्याचा धक्का बसला. स्टाफरूममध्ये त्यांना पिनवाल्या बाई असं नाव पडलं. मला दोघातिघांनी प्रेमानं सल्ला दिला की मार्गदर्शक बदल. मी बदलला नाही. का, असं कुणी विचारलं तर मी म्हणायचे, मला तीन खड्डे पाडायचेत, आणि तिसरा अजून राहिलाय.

एका दुपारी बाई आपल्या शर्टाचं बटण लावता लावता थांबल्या. पिनेला हाकलायचं कशाला, म्हणाल्या. तिला घरात घेऊ.

पिन अँटेनाला लागली की अँटेना बिघडते, कारण पिन कुठंही आणि कशीही लागते. तिला एक जागा नेमून दिली तर? बटणाच्या काजासारखे तांब्याच्या धाग्याचे दोन छोटे फासे, आणि पदराची पिन त्या दोन फाशांतूनच जायची. मग ती पिन परकी नाही, नक्षीचाच एक भाग. तिची लांबी धरूनच आम्ही तिन्ही लहरींचं गणित नव्यानं मांडलं. पुष्कळ तुकडे वाया गेले. पण एक दिवस अक्काच्या खांद्यावर, पिनेसकट, घामेजलेल्या पदराखाली, बागेत, तिन्ही कामं सुरू झाली.

गंमत अशी की ही अँटेना हवेत चालत नव्हती. दोरीला टांगली की रेघ सपाट. जावयावर ठेवली की सपाट. पिन खोचली की जिवंत. माझ्या तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, हवेतल्या मोजमापाचा आलेख प्रबंधात का नाही? मी म्हणाले, हवेत चालत नाही, सर. बाईच्या खांद्यावर चालते. मागं बसलेल्या बाईंनी तेवढ्यापुरतं खिडकीबाहेर बघितलं.

त्याच्या आधीच्या उन्हाळ्यातली गोष्ट सांगायची राहिली. आम्ही व्हरांड्यात ताक पीत बसलो होतो. अक्काच्या कमरेचा फोन गावाहून पाठवायचा ती तिच्या काळजाची रेघ बाईंच्या फोनवर चालली होती, तिकडं आम्ही आता फारसं बघतही नसू. ती रेघ सपाट झाली. ठोका नाही. बाईंच्या हातातलं भांडं खाली पडलं, पण नजर फोनवरून हलली नाही. रेघ पुन्हा वर आली, एक ठोका, मग दुसरा. तोवर बाईंनी दाजींना फोन लावला होता. अक्का कुठं आहे हे दाजींना माहीत नव्हतं, बाग मोठी. बाईंना माहीत होतं. तिसरा खड्डा, उपग्रहांचा, जागेवर होता.

"दाजी, उत्तरंच्या बागंत, खालच्या कोपऱ्यात, पान्याकडंला. पळा."

दाजी पोहोचले तेव्हा ती अर्धवट शुद्धीवर होती, तोंड पाण्याच्या चारीत. आणखी थोडा वेळ गेला असता तर मी हे लिहायला बसले नसते. सोलापूरच्या डॉक्टरांनी तो आलेख पाहिला, खुर्ची पुढं ओढली आणि पुन्हा पाहिला. अक्काला पहिल्यांदा कुणी गूळ-शेंगदाणे खा म्हणालं नाही. काळजाला ठोका देणारं यंत्र बसवायचं ठरलं.

आत न्यायच्या आधी नर्सनं सांगितलं, अंगावरचं धातूचं सगळं काढा. अक्कानं मंगळसूत्र दाजींकडं दिलं. पिनांचं जुडगं बाईंच्या हातात दिलं आणि बजावलं की हरवू नको, सगळ्या मोजून घेईन. बाईंनी ते शर्टाच्या डाव्या खांद्याला टोचून टाकलं आणि बाकावर बसून राहिल्या.  अक्का बाहेर आली, शुद्धीवर आली, आणि आधी पिना मागितल्या. बाईंनी दिल्या. एक ठेवून घेतली. अक्काला ती कमी पडल्याचं कळलं, पण ती भांडली नाही.

आता असा खांद्यावरचा तुकडा आणखी बायकांना मिळायचा तर मान्यताप्राप्त केंद्रात मोजमाप करून घ्यावं लागतं. त्यासाठी आम्ही दोघी मागच्या महिन्यात पुण्याला गेलो. मी साडीत, अँटेना लावून. बाई शर्टात, डाव्या खांद्यावर ती एक पिन. मोठं चकचकीत केंद्र, मोजायची खोली आतून काळ्या स्पंजाच्या सुळक्यांनी मढवलेली. दारावर फलक होता: आत येण्यापूर्वी अंगावरील सर्व धातूच्या वस्तू काढून ठेवाव्यात. बाई त्या फलकासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. तिथले तंत्रज्ञ सभ्य होते. त्यांनी ताट पुढं केलं आणि माझ्या खांद्याकडे बोट दाखवून म्हणाले, मॅडम, तेवढी पिन.

मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी हातानंच ताट बाजूला सारलं.

"न्हाय काढायची. तिच्यासकट मोजा."